करपलेला कोपरा

आत्याला माणसं आवडत नसत, आणि ही गोष्ट तिनं कधी लपवून ठेवली नाही. तिला डबे आवडत. तेही सगळे नाहीत. तिच्या स्वतःच्या मशीनमधून पडलेले, चौकोनी, झाकणाचे, पीठ-साखर भरून फळीवर मांडायचे डबे. कारखान्यात बाकीही बरंच काही निघायचं, बादल्या, पाण्याचे मग, खुर्च्यांचे पाय. पण त्यांच्याकडे ती अशी बघायची की जणू शेजारणीनं तिच्या दारात केर लोटलाय.

तिला आत्या म्हणायची सुरुवात तिच्या भाचीनं केली. भाची लहान असताना एकदा बापाचा जेवणाचा डबा द्यायला फाटकापाशी आली आणि तिथूनच "आत्या, आत्या" म्हणून ओरडली. झालं. त्या दिवसापासून पहारेकऱ्यापासून मालकापर्यंत सगळ्यांची ती आत्या. मालक तिच्यापेक्षा वयानं मोठे, तरी तेही आत्याच म्हणत. "एवढे भाचे मला नको होते," ती म्हणायची, "आणि असले तर मुळीच नको होते."

लग्न तिनं केलं नाही. स्थळं आली नाहीत असं नाही. एकाचं हसणं तिला पटलं नाही, एक जण स्वतःच्या पगाराबद्दल फार बोलला, आणि एकानं विचारलं की लग्नानंतर कारखाना सोडाल ना. त्याला तिनं पाण्याचा ग्लाससुद्धा पुढं केला नाही. म्हणून ती थोरल्या भावाच्या घरात राहिली, भाऊ, वहिनी आणि ती. भाची पुढं लग्न करून गेली. घरात दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि भावाचा अहंकार. त्यातला अहंकारच सगळ्यात जास्त जागा अडवून बसलेला.

पण आधी मशीनचं सांगायला हवं, नाहीतर आत्या कळायची नाही.

कारखाना बघायला कधीमधी पाहुणे यायचे. मॅनेजर त्यांना फिरवायचा, आणि आत्याच्या मशीनपाशी आला की न चुकता म्हणायचा, "इथं बटण दाबलं की डबा पडतो." पाहुणे माना डोलवायचे. आत्याच्या कपाळावर आठी चढायची. बटण दाबलं की डबा पडतो म्हणे. मग तूच दाब की, आणि तुझ्या बायकोलाही बोलाव दाबायला.

एकदा एका पाहुणीनं चुकून तिलाच विचारलं, हे नेमकं होतं कसं. मॅनेजर तोंड उघडायच्या आत आत्यानं सांगून टाकलं. वर त्या नरसाळ्यात प्लॅस्टिकचे दाणे ओततात, साबुदाण्याएवढे. तिथून ते नळीत उतरतात. नळीला बाहेरून शेगड्या गुंडाळल्यात आणि आत एक लांब स्क्रू फिरतो. स्क्रू दाणे पुढं ढकलतो, ढकलता ढकलता मळतो, आणि दाण्यांचा चिकट रस होतो. समोर पोलादाचा साचा, त्याला आम्ही मोल्ड म्हणतो, दोन पाखांचा. पाखं घट्ट मिटली की तोच स्क्रू पिचकारीच्या दट्ट्यासारखा पुढं येतो आणि रस आत मारतो, असल्या जोरानं की मोल्ड जरा ढिला असेल तर कडेनं पापुद्रा बाहेर येईल. मग थांबायचं. मोल्डच्या पोटातून गार पाणी फिरतं, डबा आत घट्ट होतो. सगळ्यात जास्त वेळ या थांबण्यालाच लागतो, आणि माणसांना तेवढंच जमत नाही. घाई करून गरम डबा काढला तर तो उद्या वाकडा होतो आणि झाकण बसत नाही. मग पाखं उघडतात, आतल्या खिळ्या डब्याला ढकलतात, आणि तो पडतो. "बटण," आत्या शेवटी म्हणाली, "सकाळी एकदा दाबतात."

पाहुणी खूष झाली. तिनं आणखी एक विचारलं, एवढा खटाटोप करून फायदा काय, हातानं डबे होत नाहीत का. आत्यानं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सुताराला एक पेटी करायला सांगा. छान करील. मग तसलीच दुसरी करायला सांगा आणि पहिलीचं झाकण दुसरीला लावून बघा." मोल्ड बनवायला डोंगराएवढा खर्च येतो, हे खरं. पण एकदा बनला की लाख डबे काढा, पहिला आणि लाखावा जुळे भाऊ. कान, कडा, झाकणाची खाच, सगळं एका दमात. गंजत नाही, फुटत नाही, उचलायला हलका, आणि ज्याच्या खिशात फारसं काही नाही त्याच्याही फळीवर जाऊन बसतो. वाया काही जात नाही. खराब डबे आणि कातरलेले तुकडे ग्राइंडरमध्ये दळतात आणि ठरलेल्या मापात पुन्हा दाण्यात मिसळतात. "माणसाचं तसं करता येत नाही," ती म्हणाली, आणि हे म्हणताना तिनं मॅनेजरकडे पाहिलं.

मॅनेजर ते विसरला नाही. विसरणाऱ्यांतला तो नव्हताच.

आता भाऊ. त्याला सगळे दादा म्हणत, आणि दादा मोल्डला पॉलिश करायचा. काम बारीक, नाकारता येत नाही. आधी दगडानं घासायचं, मग कागदानं, मग अधिक बारीक कागदानं, शेवटी हिरवी पेस्ट लावून लोकरीच्या नमद्यानं, असं करत करत पोलाद लखलखीत करायचं. मोल्ड जितका गुळगुळीत, तितका डबा चकचकीत. दादाच्या हातात कसब होतं. पण ते कसब त्यानं एकट्यानंच इतक्या वेळा वाखाणलं होतं की दुसऱ्या कुणाला वाखाणायला काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. काम झालं की तो मोल्डमध्ये वाकून मिशी सारखी करायचा, आणि आजूबाजूला कोणी बघतंय का ते बघायचा. कोणी नसेल तर थांबायचा, कोणी येईपर्यंत.

जेवताना ताटावर बसलं की त्याचं व्याख्यान सुरू. कुठला मोल्ड कसा होता, कुणी बिघडवला, त्यानं कसा सावरला. आत्या आणि वहिनी मुकाट जेवायच्या. वहिनीला तर सगळं पाठ झालं होतं. दादा अडला की ती पुढचा शब्द सांगायची. आणि प्रत्येक व्याख्यानाच्या शेवटी, कशाचाही संबंध असो-नसो, एक वाक्य ठरलेलं. "आज तू मशीनवर उभी आहेस ती कुणामुळं? मी लावलं तुला कामाला." तरुणपणी त्यानं तिच्यासाठी मालकांकडे शब्द टाकला होता, हे खरंच. पण तो एक शब्द त्यानं इतकी वर्षं वापरला की त्याची पार लक्तरं झाली होती.

अलीकडे दादाला दिसायला कमी झालं होतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलायचं नाही, असा अलिखित करार. वर्तमानपत्र तो हात लांब करून वाचायचा आणि म्हणायचा, हल्ली छपाईच घाणेरडी झालीय. वहिनी एकदा म्हणाली, "अहो, डोळे दाखवून या ना." दादा ताटावरून उठून गेला. पॉलिशवाल्यानं चष्मा लावायचा म्हणजे काय, गवयानं कानात बोळे घालायचे? आणि निवृत्ती तोंडावर आलेली. जाता जाता म्हातारा आंधळा झाला, असं कुणी म्हणायला नको होतं.

त्याच सुमाराला एक मोठा खरेदीदार येणार म्हणून गडबड उडाली. मालकांनी सांगितलं, डब्याचा मोल्ड काढा आणि आरशासारखा करा. मोल्ड उतरवून पॉलिशच्या खोलीत गेला. दादानं दार लावून घेतलं आणि नुसता डब्याचा आतला भागच नाही, मोल्डचं तोंडही, जिथं दोन पाखं एकमेकांना भिडतात ती सपाट कडसुद्धा, घासून चकचकीत केली. त्याला वाटलं, शेवटचं मोठं काम, लोकांनी नाव काढलं पाहिजे.

खरेदीदार आला, बघून गेला. आत्यालाही, खोटं कशाला बोला, काम आवडलं. पूर्वी डब्याच्या काठाला कोपऱ्यापाशी तिच्या अंगठ्याला बारीकशी खरखर लागायची. आता काठ लोण्यासारखा. "बरं केलंस," असं ती घरी म्हणालीसुद्धा, आणि त्याबद्दल तिला पुढं स्वतःचाच राग आला.

कारण लवकरच डबे करपायला लागले.

सगळा डबा नव्हे. एकच कोपरा, काठापाशी, नखाएवढा काळपट तपकिरी डाग. दूध उतू जाऊन शेगडीवर लागतं तसा. पहिल्यांदा वाटलं दाणे ओले असतील, दाणे वाळवले. मग वाटलं नळी जास्त तापतेय; शेगड्या कमी केल्या. तर डबा अर्धवटच भरायला लागला, एक कान असायचा तर दुसरा नसायचा. शेगड्या परत वाढवल्या, डाग परत हजर. ढीगच्या ढीग भंगारात जायला लागले. मालक दिवसातून दोनदा खाली उतरायला लागले, आणि मालक खाली उतरले की मॅनेजरला कुणीतरी माणूस लागायचा, ज्याच्याकडे बोट दाखवता येईल.

त्यानं आत्याकडे दाखवलं. म्हणाला, दळलेला माल दाण्यात जास्त मिसळला जातोय, मापापेक्षा जास्त, आणि त्यातली घाण करपतेय. पाळीवरचे सगळे ऐकत होते. "वय झालं की माणूस निष्काळजी होतो," तो म्हणाला.

आत्यानं हात पुसले. "साहेब, मापाचं भांडं तुमच्याच कपाटात असतं. मला काढून देता ते तुम्ही. आता तुमचं वय किती झालं ते तुम्हीच बघा."

कुणीतरी हसलं. ते हसणं महागात पडलं. मॅनेजरनं तिथल्या तिथं सांगितलं की उद्यापासून आत्या ग्राइंडरवर, मशीनवर नवा ऑपरेटर. आत्यानं दादाकडे पाहिलं. दादा पलीकडेच, पॉलिशच्या खोलीच्या दारात उभा होता. इतका मोठा बोलका माणूस. एरवी कुणी मोल्डला चुकीचं फडकं लावलं तरी अर्धा तास बोलायचा. तो आपल्या नखांतली हिरवी पेस्ट काढत राहिला. एक अक्षर बोलला नाही.

आत्याला मशीन गेल्याचं जेवढं लागलं त्याहून ते जास्त लागलं.

ग्राइंडर मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथं इतका आवाज की माणसाला स्वतःचा विचारही ऐकू येत नाही, आणि धुरळा नाकातोंडात. आत्या तिचेच करपलेले डबे एकेक करून त्या राक्षसाच्या तोंडात घालायची आणि दुसऱ्या बाजूनं त्यांचा चुरा पोत्यात पडायचा. मशीन तिला परत हवं होतं. पगार तोच होता, म्हणून पगाराचा प्रश्न नव्हता. तिथं उभं राहून तिनं आयुष्य काढलं होतं, आणि आता त्या आयुष्यावर कुणीतरी निष्काळजी असा शिक्का मारला होता. हा शिक्का घेऊन ती मरणार नव्हती, एवढं तिनं ठरवलं. कसं, ते ठरत नव्हतं.

आणि तेवढ्यात चमत्कार झाला. नव्या ऑपरेटरनं मशीन सुरू करायच्या आतच मोल्ड साफसफाईसाठी म्हणून परत उतरवला, दादानं दुपारभर दार लावून घेतलं, दुसऱ्या दिवशी मोल्ड चढला, नवा ऑपरेटर मशीनवर उभा राहिला आणि डबे स्वच्छ पडले. एकही डाग नाही. मॅनेजरची छाती फुगली. "बघितलंत? माणूस बदलला, डाग गेला." दादाची पाठही त्यानं थोपटली, साफसफाई चोख केली म्हणून. दादानं पाठ थोपटून घेतली. त्याची पाठ अशा बाबतीत नेहमी तयार असायची.

आता आत्याची बाजू कोण घेणार? जे दोन-चार जण तिला बिचारी म्हणत होते तेही गप्प झाले. काहींनी तर मान हलवून म्हटलं, होतं असं, वय कुणाला चुकलंय.

मशीन सुरू करताना पहिले काही डबे नेहमीच अर्धवट पडतात, ते ग्राइंडरकडे येतात. तसले दोन-चार नव्या मोल्डसफाईनंतरचे आत्याच्या हाती आले. तिनं एक उचलला आणि सवयीनं काठावरून अंगठा फिरवला. अंगठा अडला. तीच जुनी, बारीकशी खरखर. तिनं ढिगातला करपलेला डबा उचलला, काठ गुळगुळीत. परत स्वच्छ डबा, खरखर. तिनं ग्राइंडर बंद केला.

दादानंच तिला एकदा ताटावर सांगितलं होतं, नको असताना सांगितलं होतं. मोल्ड मिटतो तेव्हा त्याच्या पोटात हवा असतेच. रस आत घुसला की तिला पळावं लागतं, आणि पळायला वाट म्हणून मोल्डच्या तोंडावर काठाला केसाहून बारीक खाचा कोरलेल्या असतात. हवा त्यातून निसटते, रस दाट, तो निसटत नाही. खाचा बुजल्या तर हवा शेवटच्या कोपऱ्यात कोंडते, दाबली जाऊन भयंकर तापते, आणि तिथलं प्लॅस्टिक करपून जातं. खाचांची पुसटशी रेघ डब्याच्या काठावर उमटते. हीच ती खरखर.

म्हणजे खाचा होत्या. मग गेल्या. मग परत आल्या. मोल्डच्या तोंडाला हात कुणाचा लागतो?

संध्याकाळी घरी गेल्या गेल्या आत्यानं पिठाचा डबा काढला, तिच्याच मशीनचा, जुना. काठावर अंगठा फिरवला. खरखर. वहिनी म्हणाली, "वन्सं, पीठ का चाचपताय?" आत्याचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. वहिनीच्या हातात चष्मा होता आणि ती त्याची काडी साबणानं घासत होती. "हे बघा ना, हिरवं कसलं लागलंय, निघतच नाही. त्या दिवशी दुपारभर शोधला मी हा, सुईत दोरा ओवता येईना. आणि सापडला कुठं, तर यांच्या पिशवीत. विचारलं तर म्हणाले, चुकून आला."

चुकून. ज्या माणसानं डोळे दाखवायला जायचं म्हटल्यावर ताट सोडलं, तो बायकोचा चष्मा पिशवीत घालून चुकून कारखान्यात गेला.

आता सगळं लख्ख होतं. दादाला त्या खाचा दिसल्याच नव्हत्या. दिसल्या असतील तर चरे वाटले असतील. घासून टाकल्या, आणि डबे करपायला लागल्यावर त्याला कळलं. कळूनही तो गप्प राहिला, बहिणीला पत्र्याच्या शेडमध्ये पाठवेपर्यंत गप्प राहिला, आणि मग चोरून चष्मा लावून खाचा परत कोरल्या. ज्या कामानं ती सुटायला हवी होती त्याच कामानं त्यानं तिला पुरतं अडकवलं. वर पाठ थोपटून घेतली.

आत्यानं त्याला एक संधी दिली. ती तेवढी न्यायी होती, कुणाला पटो न पटो. जेवताना म्हणाली, "दादा, त्या दिवशी मोल्डला काय केलंस रे?"

"साफ केला."

"एवढंच?"

दादानं घास खाली ठेवला. "साफ करणं म्हणजे एवढंच वाटतं तुला? ते कळायला हात लागतो. चार दिवस ग्राइंडरवर उभी राहिलीस म्हणून..." इथं तो थांबला. वहिनीनं या वेळी पुढचा शब्द सांगितला नाही. तो ताटाकडे बघत म्हणाला, "बोलतो मी साहेबांशी. माझा निरोप समारंभ होऊ दे, मग बोलतो. तुला कामाला मी लावलंय, मीच परत लावीन."

निरोप झाल्यावर. म्हणजे कारखान्याचं फाटक मागं लागल्यावर. आत्यानं ताट उचललं आणि म्हणाली, "मिशीला भात लागलाय, पूस."

निरोप समारंभ दुपारी कँटीनमध्ये झाला. टेबलं भिंतीला लावली, खुर्च्या मांडल्या, बिस्किटं आणि चहा. मालक बोलले. मॅनेजर बोलला, जरा जास्तच बोलला, आणि त्यानं करपलेल्या डब्यांचा किस्सा मुद्दाम सांगितला. दादांनी मोल्ड असा चमकवला की खरेदीदार बघत राहिले. मधे कुणाच्या तरी निष्काळजीपणानं गालबोट लागलं, पण दादांच्या हातानं तेही धुऊन निघालं. आत्या मागच्या रांगेत वहिनीशेजारी बसली होती. तिच्याकडे वळलेल्या माना तिनं एकेक करून परत फिरवल्या, नुसत्या नजरेनं.

मालकांनी दादाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. मग मॅनेजर म्हणाला, घरच्यांकडूनही एक भेट आहे. आत्या उठली, रंगीत कागदात गुंडाळलेला चौकोनी पुडा घेऊन पुढं गेली आणि दादाच्या मांडीवर ठेवून परत जागेवर आली. दादा हसला. कागद सोडला.

आत डबा. एका कोपऱ्याला नखाएवढा काळपट तपकिरी डाग. डब्यात वहिनीचा चष्मा.

पुढच्या रांगेतलं हसणं थांबलं. मॅनेजरनं मान लांब करून डाग पाहिला आणि त्याचा चेहरा लाल झाला. "भंगारातला डबा? समारंभाला भंगार?" तो सरळ आत्याकडे वळला. "आत्या, हा काय प्रकार आहे? आधी काम नासवलंत, आता भावाचा दिवसही नासवताय?"

आत्यानं मॅनेजरकडे पाहिलंही नाही. ती दादाकडे बघत होती. बोलायचं त्यानं होतं.

दादा त्या डब्याकडे बघत राहिला. मग त्यानं चष्म्याच्या काड्या उघडल्या, आणि सगळ्या कारखान्यासमोर, मालकांसमोर, नव्या पोरांसमोर, तो बायकांच्या नाजूक फ्रेमचा चष्मा नाकावर चढवला. काडीवर हिरवा ठिपका अजून होताच. डबा त्यानं उजेडाकडे धरला, कोपरा पाहिला, काठावरून अंगठा फिरवला. उभा राहिला.

"साहेब, हे काम तिचं नाही. हे माझं पॉलिश आहे."

कुणाला काही कळेना. दादानं घसा साफ केला, आणि त्याच्या आवाजात ती जुनी, ताटावरची फुशारकी हळूहळू यायला लागली. "असं पॉलिश मी जन्मात केलं नव्हतं. मोल्डचं तोंड असं घासलं, असं घासलं, की हवेच्या खाचासुद्धा शिल्लक ठेवल्या नाहीत. सोपं नाही ते. हवेला जायला वाट राहिली नाही, म्हणून डबे करपले. दाण्यात काही नव्हतं. तिनं काही केलं नाही. मला दिसलं नाही. मग हा चष्मा लावून मी खाचा परत कोरल्या. दुपारभरात कोरल्या. त्याही बघा जाऊन, अशा खाचा कोरून दाखवणारा इथं दुसरा कोणी नाही."

मागच्या खुर्च्यांवरच्यांना पॉलिश आणि दुसरा कोणी नाही एवढंच ऐकू आलं असावं. त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि मालकांनीही वाजवल्या. आत्यानं कपाळाला हात लावला. या माणसाला गुन्हासुद्धा धड कबूल करता येत नव्हता. त्याचंही त्यानं प्रदर्शन मांडलं होतं.

पण मॅनेजरला कळलं होतं. चहाच्या गर्दीत तो आत्याजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "उद्यापासून मशीनवर या."

"निष्काळजी म्हणालात तेव्हा आवाज एवढा हळू नव्हता," आत्या म्हणाली.

"अहो आत्या, झालं ते झालं."

"झालं नाही, साहेब. तुम्ही केलंत."

आजूबाजूच्या लोकांचे कप तोंडाशीच थांबले. मॅनेजरनं इकडंतिकडं पाहिलं आणि, "चुकलं माझं," असं म्हणाला, थोडं मोठ्यानं. तेवढ्यानं आत्याचं पोट भरलं नाही, पण तिनं ते घेतलं. त्याच्याकडून याहून जास्त निघणार नव्हतं, कितीही दाब दिला तरी.

तिघं चालत घरी निघाली. घड्याळ वहिनीच्या हातात, डबा दादाच्या. दादानं चष्मा काढला नव्हता. दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत चालला होता, जणू त्या आजच लावल्यात. पान, औषधं, शिलाई मशीन दुरुस्ती. एका पाटीतली चूकही त्यानं काढली. आत्या दोन पावलं पुढं चालली होती. उपकार केल्यासारखा तो चालत होता आणि तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

कोपऱ्यावर रस्ता ओलांडायला थांबली तेव्हा पाटी नव्हती म्हणून त्यानं तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"अगं, तुझे केस," तो म्हणाला. "सगळे पिकलेत. मी तुला कामाला लावलं तेव्हा तर काळेभोर होते."

"हो," आत्या म्हणाली. "आणि तू मला कामावरून उठवलंस तेव्हा पांढरे होते."

दादानं चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं काचा पुसल्या, एक, मग दुसरी, मग परत पहिली. वहिनीला वाटलं तो आता तिला परत देईल, म्हणून तिनं हात पुढं केला. पण त्यानं तो पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि आत्याच्या मागून रस्ता ओलांडला.